सात हिवाळे न नांगरलेलं शेत

स्तारी ब्रेस्त गावात माणसाची किंमत ऑक्टोबर संपता संपता ठरते. मका निघालेला असतो, सूर्यफुलाचं बी कधीच गिरणीला गेलेलं असतं, आणि गावाभोवतीची सपाट जमीन रोज एकेक पट्टा करून काळी होत जाते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या संत दिमित्रीच्या सणापर्यंत प्रत्येकाचं शेत पलटी नांगराने उलथून काळंभोर झालेलं असलं पाहिजे, असा इथला अलिखित कायदा आहे. ज्याच्या शेतात त्यानंतरही धसकटं उभी दिसतात, त्याच्याबद्दल लोक तीनच शक्यता धरतात. तो मेला आहे, तुरुंगात आहे, किंवा पीत बसला आहे.

वितोमिर बुगार्स्कीने याच कायद्यावर नाव कमावलं होतं. सहकारी फार्म चालू होता त्या काळात तो तिथला पहिल्या पसंतीचा ट्रॅक्टरवाला. नांगरणीच्या स्पर्धांना फार्मचा संचालक त्याला नवीन कोट शिवून पाठवत असे, आणि तो बक्षीस घेऊन येई. त्याच्या नांगराचा तास इतका सरळ, की एका टोकाला अंडं सोडलं तर न अडखळता दुसऱ्या टोकाला जाईल, असं लोक म्हणत. गावातल्या अर्ध्या पुरुषांना नांगर धरायला त्यानेच शिकवलं. शिकवताना तो फार बोलत नसे. "जमीन उलटायची तर पुरती उलटायची," एवढंच सांगे. "खालची माती वर आली नाही, तर त्याला नांगरणं म्हणत नाहीत, खाजवणं म्हणतात."

त्याचा पहिला चेला मिलादिन पेकारोव्ह. वयाने दहा वर्षांनी लहान, अंगाने दुप्पट, आणि तोंडाने चौपट. वितोमिरच्या मुलीच्या, सेन्काच्या, बाप्तिस्म्याला तिला हातावर धरून उभा राहिला तो मिलादिनच. तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कूम' म्हणत. आमच्या भागात हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं. भावाशी भांडता येतं, कोर्टात जाता येतं, कूमशी नाही.

फार्म मोडला, त्यात गेलेल्या जमिनी ज्याच्या त्याला परत मिळाल्या, आणि वितोमिरच्या वाट्याला कालव्यालगतचं अकरा हेक्टरांचं वडिलार्जित शेत आलं. ते तो वर्षानुवर्षं तसंच नांगरत राहिला, सरळ आणि खोल. उंचवट्यावर नांगराच्या फाळामागे हळूहळू पिवळी माती दिसू लागली होती. आजोबांनी तिथेच खड्डा खणला होता, तेव्हा काळी माती त्यांच्या मांडीपर्यंत आली होती, असं वडील सांगत. वितोमिर ते पिवळे पट्टे पाही आणि पुढे जाई. प्रत्येक जमिनीला एखादा खोडकर कोपरा असतोच, असं तो स्वतःला सांगे.

मग एका वर्षी हिवाळा कोरडा गेला आणि वसंतात कोशावा सुटला. आग्नेयेकडून येणारा हा वारा आम्हाला नवा नाही. तो आला की दारं बांधायची आणि डोकं दुखायची तयारी ठेवायची. पण त्या वेळी तो उघड्या काळ्या शेतांवर पडला आणि जमीन उठली. भर दुपारी घरांत दिवे लावावे लागले. वारा थांबल्यावर माणसं कालवा मोकळा करायला फावडी घेऊन गेली, तर कालवा काठोकाठ मऊ, काळ्या मातीने भरलेला. वितोमिरने मूठभर उचलली. डोळे मिटूनही त्याला ती ओळखता आली असती.

"बघ कूम," पलीकडून मिलादिन ओरडला, "बाकीची सीमेपलीकडे निघाली. पासपोर्ट नको, शिक्का नको. आपल्याला मेलं ते कधी जमलं नाही."

सगळे हसले. वितोमिरही हसला, आणि हसता हसता त्याच्या दातांत धूळ करकरली.

त्याच वर्षी उन्हाळ्यात गावच्या सभागृहात एका कंपनीची सभा झाली. तेओदोरा नावाची तरुण कृषितज्ज्ञ बोलायला आली होती. तिने सांगितलं ते थोडक्यात असं. पीक हवेतला कार्बन ओढून घेतं. मुळं, पानं, धाटं मातीत कुजतात आणि त्यातला काही कार्बन मातीतच राहतो. मातीचा काळेपणा म्हणजे मुख्यतः तोच. नांगर घातला की त्याला वारा लागतो, तो झपाट्याने कुजतो आणि वायू होऊन परत वर जातो. जो शेतकरी दहा वर्षं जमीन उलटणार नाही, धसकटं जागेवर ठेवेल आणि शेत कधी उघडं पडू देणार नाही, त्याचं नाव कंपनी आपल्या यादीत घेईल, आणि धूर सोडणाऱ्या कारखान्यांकडून वसूल करून त्याला मातीत साठलेल्या कार्बनचे पैसे देईल. दर वर्षी थोडे, आणि मोठा वाटा दहाव्या वर्षी.

"म्हणजे आजवर आम्ही धूर नांगरत होतो?" मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं. सभागृह हसलं.

वितोमिर हसला नाही. सभा संपल्यावर तो तिच्यापाशी गेला. "पोरी, माझं अकरा हेक्टर आहे. वर्षाला किती साठेल?"

तिने जरा हिशेब केला. "सगळं नीट जमलं तर, विता काका, गावातल्या चार-पाच गाड्या वर्षभरात जेवढा धूर सोडतात, तेवढा."

"एवढंच?"

"एवढंच. आपल्या सगळ्या बनात प्रांतातली शेतं धरली तर मोठा आकडा होतो. एका शेताचा होत नाही."

तिने आकडा फुगवला नाही, म्हणून त्याने सही केली. तसं तो नंतर सेन्काला म्हणाला. पण कालव्यातली ती माती होती, हे खरं कारण. ते त्याने कुणालाच सांगितलं नाही.

ऑक्टोबर आला. मिलादिन अंगणात येऊन उभा राहिला. "नांगर कधी काढतोस, कूम?"

शेडमध्ये नांगर ग्रीस लावून उभा होता. वितोमिरने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "कंबर गेली रे. यंदा राहू दे."

पस्तीस वर्षं त्याने गावाला एकच गोष्ट शिकवली होती. ती चूक होती असं त्याच माणसांसमोर, त्याच अंगणात म्हणायला जीभ वळली नाही. पुढच्या वर्षी खरं सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. पण खोट्याचं असं असतं, की ते एकदा घरात आलं की भाडेकरूसारखं राहतं. काढायला गेलं की आपल्यालाच लाज वाटते. पुढच्या वर्षी मिलादिनने स्वतःच विचारलं, "कंबर कशी आहे? नांगरून देऊ का?" आणि वितोमिर म्हणाला, "तशीच. राहू दे."

पहिली तीन वर्षं वाईट गेली. न नांगरता पेरायचं यंत्र दूरच्या गावाहून भाड्याने आणावं लागे, आणि ते तिथली पेरणी आटोपल्यावर येई, म्हणजे पेरणीजोगी ओल, वाफसा, निघून गेल्यावर. धसकटांत उंदरांनी संसार थाटले. तण इतकं माजलं की कालव्यापलीकडून मका दिसेना. ओल्या वसंतात जमीन थंड राहिली आणि बी उशिरा उगवलं. पिकाचा उतारा तिसऱ्या हिश्शाने घटला. कंपनीकडून यायचं ते त्या तुटीपुढे जेमतेम अर्धं होतं. परदेशात, ग्राझला राहणारी सेन्का फोनवर म्हणायची, "बाबा, शेत खंडाने द्या आणि इकडे या. तुम्हाला कशाची हौस आहे हो एवढी?"

गावाला त्या पैशांची कुणकुण होती. 'विता हवा विकतो' हा खानावळीतला ठरलेला विनोद झाला. "विता, माझ्याकडे पण आहे रे हवा," कुणी म्हणे, "बायको रात्रंदिवस बोलते, भाव काय लावशील?" तेओदोरा दर शरदात नळीसारखं यंत्र जमिनीत रोवून मातीचे नमुने काढायची, तेव्हा मिलादिन विचारी, "थडग्याची जागा बघतेय का तुझी?" हवेचे पैसे ही एक गोष्ट आणि कंबर ही दुसरी. मिलादिन त्या सभेला नव्हता, आणि जे होते त्यांच्या ध्यानात फक्त हवेचा विनोद राहिला होता, न नांगरायची अट नाही. दोन्हींचा संबंध कुणी लावला नाही, कारण वितोमिरने तो लावू दिला नाही.

चौथ्या वर्षापासून शेत बदलू लागलं. जोराचा पाऊस पडला की शेजाऱ्यांच्या शेतांत तळी साचत. वितोमिरच्या शेतात पाणी जमिनीत जिरून जाई. माती हाताला भुसभुशीत लागे, गांडुळांनी भोकं पाडलेली. सहाव्या वर्षी दुष्काळ पडला. चौफेर मका कागदासारखा वाळला, आणि त्याचा कंबरेच्या वर हिरवा उभा राहिला. मिलादिन बांधावर उभा राहून बराच वेळ पाहत होता. "कालव्याचं पाणी मुरत असेल," तो शेवटी म्हणाला. "असेल," वितोमिर म्हणाला.

तेओदोरा मात्र जपून बोलायची. वरच्या वीतभर मातीत कार्बन वाढला होता. खाली काही ठिकाणी घटलाही होता. "याच्यावर आमच्यातच वाद आहेत, विता काका. काही जण म्हणतात, हा साठतो कमी आणि जागा बदलतो जास्त. आणि एवढीशी वाढ मोजायला जो खर्च येतो, तो पाहिला की मलाच लाज वाटते."

"उंचवट्यावरची माती काळी होतेय," तो म्हणाला. "ते मला यंत्राशिवाय दिसतंय."

ते खरंच दिसत होतं. फार नाही. पण रोज पाहणाऱ्याला पुरेल इतकं.

आठव्या वर्षी, मका निघाल्यावर, माळ्याच्या शिडीवरून तो पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. पान्चेवोच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, मग चालायला शिकवण्यासाठी त्यांनी त्याला ठेवून घेतलं. बायको देसांका जाऊन बरीच वर्षं झाली होती. सेन्का आली, आठवडाभर राहून परत गेली. कोंबड्या आणि कुत्रा मिलादिनची बायको ल्युबिंका बघत होती. मिलादिन एक दिवसाआड येई, गावाच्या बातम्या सांगे, इस्पितळाच्या सूपला नावं ठेवी. एका गोष्टीबद्दल मात्र त्याने चकार शब्द काढला नाही.

सुट्टी मिळाली त्या दिवशी तोच गाडी घेऊन आला. गावाच्या वेशीवर त्याने घराकडे वळायच्या ऐवजी गाडी कालव्याच्या रस्त्याला घातली.

"कुठे?" वितोमिरने विचारलं.

"जरा शेतावरून जाऊ. घर कुठे पळून जातंय?"

कालव्याचं वळण आलं आणि शेत दिसलं. बांधापासून बांधापर्यंत काळं. ताज्या नांगरटीवर सकाळच्या उन्हाची चमक होती, आणि तास दोरीने आखावेत तसे क्षितिजापर्यंत गेले होते. एक धसकट शिल्लक नव्हतं.

मिलादिनने गाडी थांबवली. त्याच्या चेहऱ्यावर, मुलाने पहिल्या नंबराचं प्रगतिपुस्तक बापापुढे ठेवावं, तसा भाव होता.

"मोबा केली," तो म्हणाला. "सहा ट्रॅक्टर. झिवान आला, निनकोव्हचे दोघं भाऊ आले, पाद्रीबाबांनी स्वतः डिझेल दिलं. सात वर्षं आम्ही ऐकून घेतलं, राहू दे, कंबर, राहू दे. उपकार नकोत म्हणून तू नाही म्हणतोस, ते काय आम्हाला कळत नाही? म्हटलं, आता हा पडलाय इस्पितळात, आता बघतो कसा नाही म्हणतो ते. आणि तुझाच नांगर काढला, बरं का. म्हटलं, विताच्या शेतात विताचाच नांगर आधी चालेल. काय जपून ठेवलायस रे. पहिला तास मी घातला."

मोबा म्हणजे काय, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एखाद्याच्या घरी आजारपण आलं, मरण आलं, तर शेजारी ठरवून येतात आणि त्याचं अडलेलं काम एका दिवसात उरकून देतात. मोबाला कुणी बोलवायचं नसतं आणि मोबाला पैसे विचारायचे नसतात. मालकाने फक्त दोन गोष्टी करायच्या. सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि पहिला प्याला उचलून म्हणायचं: तुमचे हात माझे हात. ज्याने मोबाला नावं ठेवली, असा माणूस गावाच्या आठवणीत नाही.

वितोमिरने काच खाली केली. उलटलेल्या मातीचा वास आत आला. हा वास त्याला आयुष्यभर आवडत आला होता, आणि तो कशाचा वास आहे हे आता त्याला ठाऊक होतं.

"खोल घातला?" त्याने विचारलं.

"खोल म्हणजे? तू शिकवलंस तेवढा. पुरती उलटलीय. खाजवलेली नाही."

मिलादिनने त्याच्याकडे पाहिलं, त्याचे डोळे ओले दिसले, आणि त्याने तोंड फिरवून गाडी सुरू केली. "चल, चल," तो म्हणाला. "रडायला काय झालं? आम्हाला जेवायला घाल, संपलं."

"तास सरळ आहेत," वितोमिर म्हणाला. ते खोटं नव्हतं.

रविवारी जेवण झालं. ल्युबिंकाने कोंबड्या साफ करून दिल्या, आणि वितोमिरने अंगणात स्टुलावर बसून, कुबड्या भिंतीला टेकवून, मोठ्या कढईत लाल मिरचीची कोंबडी शिजवली. ढवळायचा चमचा त्याने दुसऱ्याच्या हाती दिला नाही. पाव होता, आंबवलेल्या मिरच्या होत्या, त्याने स्वतः गाळलेली आलुबुखारची दारू, राकिया होती. ट्रॅक्टरवाले सहाही जण बायकापोरांसह आले. झिवानने मध्येच नांगरताना ससा कसा उठला त्याची गोष्ट सांगितली. धाकट्या निनकोव्हला थोरला चिडवत होता, "याचा चौथा तास बघा जाऊन, सापाने काढलाय."

मग सगळे वितोमिरकडे बघू लागले. तो कुबड्यांवर उभा राहिला. प्याला उचलला. त्या क्षणी त्याच्या मनात आलं, की सांगून टाकावं. सांगायला तीन वाक्यं पुरली असती. त्याने टेबलाभोवतीचे चेहरे पाहिले. हे सगळे एका दिवसाचं स्वतःचं काम टाकून आले होते, आणि त्यांना त्याच्याकडून दुसरं काही नको होतं.

"तुमचे हात माझे हात," तो म्हणाला आणि प्याला रिकामा केला.

तेओदोरा नोव्हेंबरच्या मध्याला आली. वितोमिरने तिला फोन केला नव्हता. कोणत्या शब्दांत सांगायचं हे त्याला सुचलं नव्हतं. ती आली तेव्हा मिलादिन त्याच्या अंगणात लाकडं फोडत होता, आणि कुबड्यांवरच्या माणसाला शेतापर्यंत नेणारी दुसरी गाडी नव्हती. म्हणून तिघंही मिलादिनच्याच गाडीतून गेले.

ती उतरली आणि नळीचं यंत्र हातात धरून तशीच उभी राहिली.

"विता काका, हे काय?"

"नांगरलंय," तो म्हणाला.

ती शेतात चार पावलं गेली. नळी रोवायची गरजच नव्हती, तरी तिने रोवली आणि बाहेर काढली. नळीत धाटांचे तुकडे तळाशी होते आणि खालची फिकी माती वर. ती परत आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

"दहा वर्षांतलं हे आठवं. हे धरून तीन राहिली होती. तुम्हाला माहीत होतं ना, एकदा जरी उलटलं तरी शेत यादीतून जातं?"

"माहीत होतं."

मिलादिनच्या तोंडातली सिगारेट तशीच राहिली. "कसली यादी? न नांगरायची?" त्याने विचारलं.

तेओदोराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि मग वितोमिरच्या कुबड्यांकडे. ती मूर्ख नव्हती. "काका, नीट ऐका," ती म्हणाली. "तुम्ही इस्पितळात होता. तुमच्या परवानगीशिवाय बाहेरच्यांनी नांगरलं, असं तुम्ही सांगितलंत, तर तुमचं नाव राहतं. कंपनीवाले पुढे वर्षं वाढवून देतात. झालं गेलं धरत नाहीत."

"आणि मग?"

"मग कोणी नांगरलं ते विचारतात." ती अडखळली. "आणि जे नुकसान झालं ते त्यांच्याकडे मागतात. वकील लावून. मी लपवणार नाही तुमच्यापासून."

मिलादिन एक पाऊल पुढे आला. "बाई, हे मी..."

"गप्प बस, कूम," वितोमिर म्हणाला. आवाज त्याने चढवला नव्हता, पण नांगर शिकवताना असायचा तोच तो होता, आणि मिलादिन गप्प बसला.

"मी नांगरलं," वितोमिर तेओदोराला म्हणाला. "माझं शेत, माझा नांगर."

"कुबड्यांवर?"

"कुबड्यांवर."

"असं लिहिलं तर तुम्ही बाहेर, विता काका. शेवटचा मोठा वाटाही गेला."

"मग बाहेर." त्याने जमिनीकडे पाहिलं. "एक सांग. सगळं गेलं का?"

"एका नांगरटीत सगळं जात नसावं," ती म्हणाली. "बरंचसं मात्र हलतं. किती गेलं ते दोन-तीन वर्षं मोजत राहिलं तर कळेल. पण मोजणी फुकट होत नाही, काका. यादीतून गेलेल्या शेताची मोजणी कोण करणार?"

म्हणजे किती साठलं होतं आणि किती गेलं, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. तिने नळी पुसली. जाताना तिने वितोमिरचा हात दोन्ही हातांत धरला. तिला मोटारस्टँडपर्यंत सोडून मिलादिन परत आला, तेव्हा वितोमिर बांधावरच उभा होता.

मिलादिन उतरला नाही. दार उघडं टाकून सीटवर बसून राहिला.

"कंबर?" त्याने विचारलं.

"ठणठणीत होती. पहिल्यापासून."

"सात वर्षं मी तुझ्या कंबरेची चौकशी करतोय. ल्युबिंकाने तुला अस्वलाची चरबी आणून दिली. मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली तुझ्या कंबरेसाठी, कळलं?"

"कळलं."

"मी काय परका होतो? एक वाक्य सांगायला काय झालं होतं तुला?"

"कसं सांगू?" वितोमिर म्हणाला. "तुझ्या हातात नांगर मी दिला. तुला म्हणू, की मी शिकवलं ते चुकलं? कालव्यात जी माती गेली, ती मी पाठवली, आणि तुम्हा सगळ्यांनाही पाठवायला लावली?"

मिलादिनने कालव्यापलीकडे पाहिलं. तिथे त्याचं स्वतःचं शेत होतं, याहून दुप्पट मोठं, सणाआधी नांगरून काळं केलेलं. "मी माझ्या पोरांना तेच शिकवलंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण तो कुणावर आहे हे त्यालाही ठरवता येत नव्हतं.

वारा नव्हता. दूरवर कावळे नव्या तासांतून किडे टिपत होते.

"आता काय करायचं?" मिलादिनने विचारलं.

"उघडं ठेवायचं नाही. उशीर झालाय, पण राय हे थंडीतलं धान्य, ते अजून उगवेल. वरवर कुळव फिरवून ढेकळं तेवढी फोडायची आणि पेरायची."

"यादीतून तर गेलास. मग कशासाठी?"

"जमीन यादीत नव्हती," वितोमिर म्हणाला. "मी होतो."

मिलादिन गाडीतून खाली उतरला. मग म्हणाला, "राय माझ्याकडे आहे. गुरांसाठी ठेवली होती." आणि जरा थांबून, "बाकीच्यांना सांगायचं का? झिवानला, निनकोव्हच्या पोरांना?"

वितोमिरने याचा विचार आधीच करून ठेवलेला असावा, कारण त्याने लगेच उत्तर दिलं. "पुढच्या वर्षी, मका काढायच्या आधी सांगू. का नांगरायचं नाही, ते सांगू. माझ्या कंबरेचं खोटंही मीच सांगीन, खानावळीत, सगळ्यांसमोर. यंदा माझं काय गेलं, ते मात्र सांगायचं नाही. तू पण नाही."

"हसतील."

"हसू देत."

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. वितोमिर बांधावर घोंगडी पांघरून खुर्चीवर बसला होता, आणि मिलादिन हलका कुळव आणि मागे पेरणीयंत्र जोडून शेतात उतरला. पहिल्या फेरीच्या टोकाला त्याने ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला, गुडघ्यांवर बसला आणि हाताने माती बाजूला करून दाणा किती खोल गेलाय ते पाहिलं. इतकं उथळ पेरायची त्याला सवय नव्हती.

"दिसतोय की रे दाणा," तो ओरडला. "पाखरं खातील."

"थोडे खातील," वितोमिर म्हणाला. "खाली नको घालूस."

मिलादिनने दाण्यावर माती सारली, तळव्याने दाबली आणि पुन्हा ट्रॅक्टरवर चढला. धुक्यात तो दिसेनासा झाला. इंजिनाचा आवाज तेवढा शेताच्या दुसऱ्या टोकाला जात राहिला. वितोमिर तो कान देऊन ऐकत होता.